चारशे हाऊसिंग आणि एक फोन

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर. त्यांच्या दोन जुन्या लेथवर आमचं जॉबवर्क सुरू झालं. पुढं शिरोली एमआयडीसीत शेड झाली, व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, आली, माणसं चौदा झाली. मशिनींच्या आवाजावर ओरडायची सवय मात्र मला ऑफिसातही सुटेना. आणि पुण्याहून कस्टमरचा फोन आला की हाच वाघ ‘येस सर, टुमारो सर’ एवढंच म्हणायचा! माल तयार नसला तरी.

मग चारशे बेअरिंग हाऊसिंगची, म्हणजे बेअरिंग बसवायच्या खोळींची, ऑर्डर आली. ४० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, एच-७ टॉलरन्स. म्हणजे वर २५ मायक्रॉनची सूट, खाली शून्य. निम्मे पीस परत आले, बोअर मोठा. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलच्या मापाचं करेक्शन, देताना चूक झाली होती, आणि ऑपरेटरला ती दुसऱ्याच दिवशी कळली होती.

“मग बोलला का नाहीस?”

“मालक, तुम्ही खवळला असता.”

त्या रात्री जेवण गेलं नाही. भंगारात गेलेल्या मालापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

तेव्हापासून सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे उभ्या उभ्या बोलतो. मी शेवटी. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग मीच सांगितलं, की एका जॉबचा रेट देताना डीबरिंगचा, म्हणजे कडांची कुसळं काढायचा, वेळ धरायचा विसरलो आणि पीसमागं खिशातले पैसे घालतोय. हशा पिकला. दुसऱ्या दिवशी दोघं बोलले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. गाड्या जागच्या जागी. चिखली-आंबेवाडीची आमची पोरं घरदार सोडून बाहेर पडलेली. आधी त्यांना फोन केले: पगार कापणार नाही, घरचं बघा. मग पुण्याला, त्यांचा फोन यायच्या आत. सरळ मराठीत सांगितलं, किती पीस पॅक आहेत, किती मशीनवर अडकलेत, रस्ता सुटल्यावर पहिली गाडी कुठली निघेल. तारीख मागितली, ती दिली नाही. पाणी कधी उतरणार ते मला कुठं ठाऊक होतं! पलीकडचे साहेब म्हणाले, “ठीक आहे, तसं प्लॅनिंग करतो.” एवढंच. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो कोण जाणे.

गेल्या आठवड्यात नव्या पोरानं टेबलावर जॉब ठेवला. “मालक, सहा पीस गेलं. ऑफसेट मीच चुकवला.”

तोंडात आलेलं गिळलं, तांब्याभर पाणी प्यालो आणि विचारलं, “सातवा कसा आला?”