मोपा ते नेरूर, व्हाया म्हापसा

मोपाचा विमानतळ गोव्याचा खरा, पण तो झाल्याचा आनंद आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे काकणभर जास्तच झाला होता. ११ डिसेंबर २०२२ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून विमानं सुरू झाली. पेडणे तालुक्यातलं ते पठार महाराष्ट्राच्या हद्दीला जवळजवळ खेटून आहे. त्याआधी विमान धरायचं म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, दाबोळी. आधी पणजी गाठायची, तिथे खिडकीवर तिकीट काढून वास्कोच्या शटलच्या रांगेत उभं राहायचं आणि जुवारीच्या जुन्या पुलावर वाहतूक अडली की घड्याळाकडे बघत रामरक्षा म्हणायची. तो व्याप संपला. पण मोपाला उतरून घरी कसं यायचं, हे कोणाला विचारलं की उत्तर एकच: "गाडी सांगून ठेव कोणाची तरी." बसने येता येतं का, हे ठामपणे सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. म्हणून हे लिहितोय.

निमित्त आईचं होतं. ती बंगळूरला भावाकडे होती, तिला कुडाळजवळ नेरूरला घरी आणायचं होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, पण तोंड आणि उत्साह शाबूत. खरं तर आम्हाला चिपीचा विमानतळ जवळचा. परुळ्याच्या सड्यावरचा तो विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला, आणि नेरूरहून परुळ्याला जाणं म्हणजे आमच्यासाठी शेजारच्या गावात जाण्यासारखंच. पण चिपीला विमानं मोजकी. आपल्याला हवा तो दिवस आणि तिथलं विमान यांची गाठ पडायला नशीब लागतं. आमचं नव्हतं. मग मोपा.

तिकीट काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. गोव्यात विमानतळ दोन आहेत, आणि मोबाइलवर दोन्हींच्या नावात गोवा येतं. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. सिंधुदुर्गातल्या माणसाने स्वस्त दिसलं म्हणून दाबोळीचं काढलं, तर वाचलेले पैसे रस्त्यात जातात.

बंगळूरचा भाग मी दोन ओळींत उरकतो, कारण तिथे सांगण्यासारखी अडचणच आली नाही. विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून चांगला पस्तीसेक किलोमीटर लांब. पण शहरातल्या मॅजेस्टिक स्टँडहून 'केआयए-९' नंबरची वायुवज्र बस थेट तिथे जाते. व्होल्वोची पायरी फुटपाथच्या उंचीला आलेली, त्यामुळे आई कोणाचा हात न धरता चढली आणि मागे वळून माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलंन. सामानाला वेगळी जागा. शहर कितीही लांब असो, बस आहे हे माहीत असलं की माणूस निवांत असतो. मुंबईतसुद्धा ऑक्टोबर २०२४पासून भुयारी मेट्रो विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या दारात आली आहे. त्याआधी कित्येक वर्षं अंधेरीला उतरून बॅगा घेऊन रिक्षावाल्यांच्या नाकदुऱ्या काढणं, हाच मुंबईच्या विमानतळाचा रस्ता होता.

मोपाला उतरलो. आईसाठी व्हीलचेअर आधीच सांगितली होती. ती ढकलणारा मुलगा बाहेरच्या दारापर्यंत येतो, पुढे तुमचे तुम्ही. बाहेर आलात की पहिल्यांदा टॅक्सीवाले दिसतात. एकाला नेरूरचा भाव विचारला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आईने "आमी इमान इकत घेवक नाय इलव, घराक जावक इलव" असं त्याला तोंडावर सांगितलंन. तो बिचारा हसला. त्याचंही चुकत नसेल, परराज्यात जायचं आणि येताना गाडी रिकामी आणायची. पण मला ते परवडणारं नव्हतं, आणि बस असताना टॅक्सी करायची हे मनालाही पटत नव्हतं.

बस आहे. कदंब महामंडळाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, वातानुकूलित इलेक्ट्रिक गाड्या विमानतळावरून पणजी, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी सुटतात. बोर्डावर सावंतवाडी शोधत बसू नका. आपल्या गावाची गाडी नाही शोधायची, पुढच्या मोठ्या स्टँडची शोधायची, एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं. कंडक्टरला विचारलं तर तो कोकणीत म्हणाला, "म्हापशां देंवात, थंय तुमकां एसटी मेळटली." झालं, म्हापसा.

आता यातली गंमत बघा. विमानतळावरून पत्रादेवीचा नाका उत्तरेला, अगदी जवळ. नाका ओलांडला की बांदा, म्हणजे आपलं सिंधुदुर्ग. आणि आम्ही जातोय दक्षिणेला. जोडरस्त्याने धारगळला महामार्गावर यायचं, उजवीकडे घर, डावीकडे म्हापसा, आणि बस डावीकडे वळते. कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला जायचं आणि तिथून एसटीत बसून त्याच रस्त्याने परत धारगळवरून वर यायचं. शुद्ध द्राविडी प्राणायाम. एकटा, पाठीवर सॅक असलेला माणूस धारगळला उतरून महामार्गावर एसटीला हात करू शकतो, नाही असं नाही. पण म्हातारं माणूस, दोन बॅगा आणि वर एप्रिलचं ऊन असेल तर म्हापशाचा स्टँडच बरा. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, चहा आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे एसटी तिथे थांबतेच. महामार्गावर ती थांबेल की नाही हे ड्रायव्हरच्या मर्जीवर.

म्हापशाला पणजीहून येणाऱ्या सावंतवाडी, कुडाळ, मालवण, कणकवली अशा गाड्या मिळतात. कोणतीही उत्तरेची गाडी आली की चढायचं. फक्त खाजगी लांब पल्ल्याच्या गाडीत बसणार असाल तर आधी विचारा. त्या झाराप-पत्रादेवी बायपासने सरळ निघून जातात, सावंतवाडीत शिरत नाहीत.

आमची गाडी आली, लालपरी. पहिली पायरी आईच्या गुडघ्याच्या वर. तिने दांडा धरला, पाय उचलून बघितला, परत खाली ठेवला. मी मागून आधार देतोय तोवर आतून एका कोळणीने आपली टोपली बाजूला सारून तिचा हात धरलान आणि "ये गो आये" म्हणत वर ओढून घेतलान. बंगळूरची पायरी आणि ही पायरी, फरक एवढाच, पण वयस्कर माणूस बसने जाईल की घरातच बसेल, हे त्या वीतभर उंचीवर ठरतं.

मग तिकीट. महाराष्ट्रात पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२पासून. पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांना अर्धं, आणि मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धं. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतली. कंडक्टरने आईचं आधार कार्ड बघितलं, मशीनची बटणं दाबली आणि सांगितलं, "आजयेक हद्दीपर्यंत फुल तिकीट, फुडे झीरो."

आईने त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलंन. "म्हणजे बांद्यापर्यंत मी तरणी, आनि मगे म्हातारी?"

सगळी गाडी हसली. मशीनमधून दोन चिटोऱ्या निघाल्या, एक पैशांची, एक शून्याची. आईने दोन्ही घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवल्यान. तेव्हा म्हातारं माणूस बरोबर असेल तर आधार कार्ड बॅगेच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवं. विमानतळावर दाखवून झालं की आपण ते आत कोंबतो आणि इथे गर्दीत शोधत बसतो.

बांदा, इन्सुलीचा घाट, सावंतवाडी, झाराप, कुडाळ. कुडाळहून नेरूरला रिक्षा. विमान बंगळूरहून जेवढ्या वेळात आलं, त्याच्या दुपटीहून जास्त वेळ मोपाहून घरी यायला लागला, वाट बघणं धरून. पैसे मात्र टॅक्सीवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या मानाने किरकोळ लागले.

मला विचाराल तर यात इलाज फार मोठा नाही. रेल्वे नको, मेट्रो नको. बांदा स्टँड ते मोपा अशी एक छोटी गाडी, विमानांच्या वेळा बघून सोडलेली, एवढी पुरे. बांद्याला आलं की पुढे एसटीचं जाळं आहेच. दोन राज्यांची दोन महामंडळं, मधे नाका, प्रवासी मात्र एकच. पेडण्याची आणि दोडामार्गाची माणसं रोज एकमेकांकडे लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला जातात. त्यांना हद्द फक्त तिकिटावर दिसते.

जातानाचा प्रवास उलट्या क्रमाने करता येतो, पण एका अटीवर: विमान दुपारचं हवं. पहाटेच्या विमानाला कुडाळहून बसने वेळेत पोचणं जमत नाही. त्यासाठी आदल्या रात्री म्हापशाला मुक्काम तरी करा, नाहीतर चार जण मिळून गाडी करा. रेल्वेने थिवीला उतरून म्हापसा गाठणं हाही एक मार्ग आहे, थिवी हे म्हापशाचंच स्टेशन. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात, आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. जून ते ऑक्टोबरमध्ये मी तरी रेल्वेच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढणार नाही. संध्याकाळी उशिरा उतरणार असाल, तर म्हापशाहून शेवटची एसटी किती वाजता आहे हे घरून निघण्याआधी स्टँडवर फोन करून विचारून ठेवा. ती चुकली तर टॅक्सीवाल्याचा भाव मुकाट्याने मान्य करावा लागतो, आणि तेव्हा आईसुद्धा काही बोलत नाही.