मोठेपणी जातं का हो ते?

आमच्या बिल्डिंगमधल्या आया मला जिन्यात गाठतात आणि आवाज खाली करून विचारतात, "माझ्या मुलाला एडीएचडी सांगितलंय. मोठेपणी जातं का हो ते?" एडीएचडी म्हणजे लक्ष हवं तिथे न टिकणं आणि सतत चुळबुळ, पळापळ. तुम्हीही परवा तेच विचारलंत म्हणून सांगते. पळापळ बरीच कमी होते. बाकीचं माझ्या बाबतीत तरी राहिलं.

मला स्वतःला निदान मिळालं सदतिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. डीएसएम-५ म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक; त्यातल्या २०१३ च्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसाचं निदान करतानाही काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. आईने पत्र्याच्या ट्रंकेत सगळी प्रगतिपुस्तकं जपली होती. १९८८ सालची तिसरी, परळची शाळा, लाल शाईत: 'हुशार आहे. लक्ष नसते. वस्तू हरवते.' चौथीत तेच, पाचवीतही तेच. बाईंचा दोष नाही. एडीएचडी हे नाव अमेरिकेत पक्कं झालं १९८७ साली, ते परळला कधी पोचणार? डॉक्टर वाचत होते तेव्हा आई एकदम म्हणाली, "मी हिला फार मारलं हो."

मी बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, कामाला आहे. माल न्हावाशेवाला लागायच्या आत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, भरायचं, उशीर झाला की दिवसाच्या हिशेबाने दंड. तारीख मला पाठ असते. पण सोमवारी मला गुरुवार दिसतच नाही. गुरुवारी सकाळी तो अंगावर येतो, आणि मग तीन दिवस न झालेलं काम तासाभरात होतं. साहेबांना वाटतं, हिला जमतं पण ही करत नाही. हा समज मला दंडापेक्षा जास्त लागतो. लक्ष माझ्याकडे भरपूर आहे. ते हवं तिथे वळवणं, कामाला हात घालणं, वेळेचा अंदाज येणं, इथे गाडी अडते. गोळीने फरक पडतो. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनीही तितकाच पडतो. रोज अकराला त्या विचारतात, "आज कुठली फाइल?" मी पार्टीचं नाव सांगते, त्या पाच मिनिटं खुर्ची ओढून बसतात, आणि फाइल उघडली जाते.

खरं खोल राहिलंय ते मात्र लक्षणांच्या यादीत नाही. साहेबांनी नुसती हाक मारली तरी माझ्या तोंडून आधी 'सॉरी' निघतं. पाठवलेली मेल मी तीनतीनदा उघडून बघते. लोकलमधून उतरताना पर्स, छत्री, डबा, पुन्हा पर्स. हे एडीएचडीने नाही झालं. वीस वर्षं 'लक्ष कुठे असतं तुझं' ऐकून झालं.

औषधाचं डॉक्टर ठरवतील. पण तुमच्या मुलाची पाण्याची बाटली या आठवड्यात पुन्हा हरवली म्हणालात ना? नवी घेऊन द्या, वर मोठ्या अक्षरात नाव घाला, आणि देताना दुसरं काही बोलू नका.