यवतची भाकरी

तुकोबांच्या पालखीबरोबरची ही माझी चौथी वारी. मी भुसार मालाचा आडत्या. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरतोच, शिवाय दरवर्षी टेम्पोत राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटं असतात, प्रत्येकावर दुकानाचं नाव छापलेलं. उरुळी कांचनच्या विसाव्याला निम्मी वाटून झाली. धर्म हातून घडला, असं वाटलं.

शेजारी मराठवाड्यातले एक बाबा चालत होते, जन्मभर मोंढ्यात पोती उचललेले. लाडू खाऊन त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि सहज विचारलं, "माउली, तुमच्याकडं हमालांची लेव्ही टायमावर भरतेत का?"

मी गप्प. लेव्ही म्हणजे हमालीच्या वर आम्ही व्यापाऱ्यांनी माथाडी मंडळात भरायची रक्कम. तीन महिन्यांची थकली होती. माथाडी कायदा १९६९चा. हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे त्या लेव्हीतूनच निघतात, हे मला पक्कं ठाऊक.

पुढे टाळकऱ्यांनी 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' धरला. हा अभंग शेकडो वेळा म्हटलाय, जोर नेहमी 'वेच करी'वर. धनवंतानं खर्चावं, एवढंच ऐकत आलो. त्या दिवशी 'उत्तम वेव्हारें'पाशीच आवाज फुटेना.

तुकोबा आपल्यातलेच, वाणी. घरी महाजनकी. १६३०च्या दुष्काळात घरची माणसं गेली, दुकान बसलं. पुढे सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडायची वेळ आली तेव्हा धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा त्यांनी आधी त्याच्या हाती दिला, अशी परंपरा आहे. बुडवले ते फक्त आपले. रंजल्यागांजल्यांसाठी जीव तुटणाऱ्या माणसानंही भावाच्या हिश्शातून दान केलं नाही. मी मात्र हमालांचा हिस्सा अडकवून लाडू वाटत होतो.

यवतला पोचलो. भैरवनाथाच्या देवळात पिठल्याच्या कढया असतात आणि भाकरी गावातल्या घराघरांतून येतात. माझ्या पानात पडली ती जाड, एका कडेला करपलेली. कुणा घरची, कळायला मार्ग नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईनंही थापली असेल. वाढणारा पोरगा वाकून "माउली, अजून एक घ्या ना" म्हणत होता, जणू मागणारा तोच. अभंगातलं 'उदास' तिथे समजलं. खिन्नतेशी त्याचा संबंध नाही. दिलेल्यावर पुन्हा आपली मालकी सांगायची नाही, असं ते मन.

रात्री मुक्कामावरून दिवाणजींना फोन लावला. तिन्ही महिन्यांची लेव्ही सकाळीच भरा म्हटलं, दंड असेल तर दंडासकट. मग टेम्पोतली उरलेली पाकिटं काढली. बाबा आणि मी कंदिलाशी बसून एकेक फोडत गेलो. लाडू परातीत, कागद पोत्यात. पहाटे दिंडी निघताना परात वाटेवर ठेवली आणि आम्ही पुढे झालो.