वर्ग बदलायचा तर आधी बाकांचं निर्लेखन

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग नव्याने मांडताना खोलीपेक्षा जास्त वेळ खाल्ला तो मोडक्या बाकांच्या निर्लेखनाने, म्हणजे ते शाळेच्या नोंदीतून रीतसर कमी करण्याने. तो राग अजून उतरलेला नाही.

मुलांनी पाच-सहाच्या गटात, जमिनीवर बसून काम करायचं, तर लांब बाक बाहेर काढणं आलं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लगेच झाला. पण बाक डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला असतो. पाय तुटला तरी तो परस्पर भंगारात देता येत नाही. प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वर गेला आणि 'खरेदी दिनांक व किंमत नमूद नाही' अशी त्रुटी लागून परत आला. ती पूर्ण केली, तर आता फोटो नाहीत! सगळ्या त्रुटी एकाच कागदावर कळवायला काय हरकत आहे? तोवर बाकांनी व्हरांडा अडवलेला, आणि पोषण आहाराच्या पंगतीला जागा नाही.

म्हणून प्रत्येक बाकावर आधी रंगाने क्रमांक टाका, तो रजिस्टरच्या नोंदीशी जुळवा आणि क्रमांक वाचता येईल असा फोटो काढा. किंमत सापडत नसेल तर जुनी प्रमाणकं, म्हणजे खर्चाच्या पावत्या-बिलं, चाळा. लोकवर्गणीतून आलेल्या बाकांचं बिल बहुधा नसतंच, त्यांची यादी वेगळी करा. नाहीतर त्या एका ओळीपायी सगळा प्रस्ताव अडतो. ठरावात 'जुने बाक' असं मोघम नको, नगसंख्या आणि क्रमांक हवेत. आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. धड बाक निर्लेखनात घालूच नका, वरच्या वर्गांना लागतात.

फरशीवर संख्यारेषा आणि शतक तक्ता ऑइलपेंटने काढला. हे काम मे महिन्यातच उरका. शहाबादी फरशीत ओल असली की रंगाचे पापुद्रे सुटतात. अर्धी फरशी मात्र कोरीच हवी, नाहीतर मणीमाळ आणि काड्यांचे दशकाचे गठ्ठे मांडायचे कुठे? हे साहित्य कुलपात नको, दोन फुटांवरच्या उघड्या फळीवर ठेवा. मुलं स्वतः घेतात, स्वतः परत ठेवतात.

भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा फळ्याच्या रंगाने रंगवून तळफळे केले. मुलामागे दोन फूट रुंदी धरा, त्याहून कमी असली की कोपरं लागतात आणि भांडणं होतात. नव्या गिलाव्यावर मात्र तो पुरता वाळल्याशिवाय हा रंग देऊ नका, खडू नीट उमटत नाही.