दुधाच्या पातेल्यामागची बाटली

तिसऱ्या महिन्यातले रक्ताचे रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले होते. एचआयव्ही, व्हीडीआरएल, शुगर सगळं ठीक, आणि खाली एका ओळीत ‘एचबीएसएजी : रिअ‍ॅक्टिव्ह’. काउंटरवरच्या मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मागं उभ्या असलेल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्हाला बी कावीळ आहे.’’ म्हणजे हिपॅटायटिस बी, लिव्हरला धरणारा विषाणू. ना डोळे पिवळे, ना अशक्तपणा. आदल्याच रात्री मी दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत हाणलं होतं.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी लगेच तेल-हळद बंद केली. नाकात थेंब सोडून कावीळ उतरवणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता, तिकडं न्यायचं ठरायला लागलं. नवरा म्हणाला, आधी डॉक्टरांकडं. बरं झालं. डॉक्टरांनी सासूबाईंनाच समोर बसवून सांगितलं की हा विषाणू रक्तातून जातो. एका ताटात जेवून, कपडे एकत्र धुऊन जात नाही. त्यांनी मान डोलावली. तरी माझा चहाचा कप पंधरा दिवस वेगळाच राहिला, निळ्या रेघांचा. एकदा गडबडीत त्या स्वतःच त्यातून चहा प्यायल्या आणि मग तो विषय बंद झाला.

मला डॉक्टर म्हणाल्या, ‘‘तुला कुठून आली ते नंतर बघू. बाळाला जाऊ द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.’’ बाळंतपणाच्या वेळी आईचं रक्त बाळाला लागतं, तीच धोक्याची वेळ. काहीच केलं नाही तर माझ्यासारख्या, म्हणजे ई-अँटिजेनही (विषाणू जोरात वाढत असल्याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह असलेल्या दहा बायकांतल्या सात ते नऊ जणींच्या बाळांना लागण होते. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर ती परतवून लावतं, पण जन्मताच लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांच्या अंगात विषाणू मुक्काम ठोकतो. पुढं लिव्हर सिरॉसिस, कॅन्सर. हे ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, दोनदा विचारावं लागलं.

व्हायरल लोड केला, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची मोजणी. 2 लाखांच्या वर असेल तर गोळी सुरू करतात. माझा आला 11 कोटी. शून्यं मोजताना मी दोनदा चुकले. लिव्हरला इजा झाली की वाढणारा एसजीपीटी मात्र नॉर्मल, म्हणून तर इतकी वर्षं काही कळलं नव्हतं. 28व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर 300, विषाणू दाबणारी गोळी, रोज एक. ही तपासणी आणि गोळ्या 2018ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हे मला दोन महिने पैसे भरल्यावर कळलं. मधे एका दवाखान्यानं ‘आमच्याकडं अशी डिलिव्हरी घेत नाही’ म्हणून फाईल परत केली. सिझेरियनच करावं लागेल, असंही कुणीतरी सांगितलं. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, यासाठी सिझेरियनची गरज नाही, आणि अंगावरचं दूधही पाजायचं.

घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाल्या. नवरा निगेटिव्ह, त्याला लसीचे तीन डोस सुरू झाले. भाऊ निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह.

कोरेगावजवळ आमचं गाव. जून होता, आई पेरणीसाठी वाघ्या घेवडा निवडत बसली होती. मी सांगितलं तसं सुपातला तिचा हात थांबला. ‘‘म्हंजे माझ्याकडनंच गेली का गं तुला?’’ माझा जन्म 1996चा, घरातच, सुईणीच्या हातचा. तेव्हा कुठली तपासणी आणि कुठली लस! ही लस देशभरातल्या बाळांना मिळायला 2011 उजाडलं. मी म्हटलं, ‘‘तुला तरी कोण सांगणार होतं?’’ ती काही बोलली नाही. संध्याकाळी सूप तसंच पडलेलं होतं.

बाळाला दोन सुया लागणार होत्या. एक लस, 24 तासांच्या आत. दुसरी एचबीआयजी, म्हणजे तयार अँटीबॉडी, शक्यतो 12 तासांत. दोन्ही वेगवेगळ्या मांड्यांत. लस सगळीकडं असते. एचबीआयजी ऐनवेळी मिळेलच असं नाही. साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या मेडिकलवाल्यानं ती पुण्याहून मागवून दिली, बोटाच्या पेराएवढी बाटली. डोहाळजेवण झाल्यावर मी माहेरी आले, तेव्हा तीही माझ्याबरोबर आली. 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण गोठली तर वाया. बाबांनी ती फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं ठेवली आणि दारावर कागद चिकटवला, ‘हात लावू नये’. लाईट गेली की ते घड्याळ बघत बसायचे.

नोव्हेंबरात रात्री अकराला कळा सुरू झाल्या. साताऱ्यापर्यंतच्या वीस किलोमीटरात बाबांनी थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. आत बर्फाची पिशवी आणि तिला बाटली चिकटू नये म्हणून मधे टॉवेलाची घडी. पहाटे 3.40ला मुलगी झाली. आणि नाईटची सिस्टर म्हणते, लसीच्या फ्रीजची किल्ली दिवसाच्या सिस्टरकडं आहे, सकाळी बीसीजीबरोबर देऊ. फाईलवर लाल पेनानं ठळक लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. मी टाके घालून घेत होते, मला कुठला आवाज असणार? बाबा, जे आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोलले नाहीत, थर्मास काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘‘मॅडमना फोन लावा. आत्ता.’’ फोन लागला, किल्ली सापडली. 5.10ला दोन्ही सुया झाल्या. पोरगी अशी कळवळून रडली की मला हसूच आलं.

पुढं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना उपकेंद्रात पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांची एकत्र लस, त्यातच ही लस असते. डॉक्टरांनी सांगितल्यावर माझी गोळी थांबली, एसजीपीटीवर नजर राहिली. बाळाचं रक्त मात्र नऊ महिन्यांआधी तपासायचं नाही. आधी तपासलं तर लसीचा आणि त्या तयार अँटीबॉडींचा घोळ होतो. ते थांबणं सगळ्यात अवघड होतं.

दहाव्या महिन्यात रिपोर्ट आला. एचबीएसएजी निगेटिव्ह. अँटीबॉडी 10च्या वर असल्या की पुरे, तिच्या 412. आईनं कागद हातात घेऊन विचारलं, ‘‘ह्यात ती ओळ कुठली?’’ मी बोट ठेवलं. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

तिची स्वतःची लिव्हरची सहामाही सोनोग्राफी अजून राहिली आहे. घेवडा निघू दे, मग बघू म्हणते.