पुणे डीएटीव्ही, नोंद तिसरी: 434.5 का धरली

आपल्या डीएटीव्हीची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या डिजिटल टीव्हीची, वारंवारता 434.500 मेगाहर्ट्झवर पक्की झाली. ब्रिटिश मार्गदर्शिकांत 437 असते, ती इथे तशीच उचलू नये. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पहिल्या प्रदेशात, ज्यात ब्रिटन येते, 430 ते 440 हा पट्टा हॅमना (हौशी रेडिओवाल्यांना) प्राथमिक दर्जाने मिळतो. आपण तिसऱ्या प्रदेशात. इथे पहिला हक्क रडारचा, आपला दर्जा दुय्यम, आणि भारतात मिळतात ते फक्त 434 ते 438. त्यातही 435 ते 438 मध्ये हौशी उपग्रह बोलतात. डोक्यावरून जाणाऱ्या क्यूबसॅटचा, म्हणजे चिमुकल्या उपग्रहाचा, क्षीण सिग्नल आपल्या टीव्हीखाली गाडला जाणे बरे नव्हे. म्हणजे हाती राहतो एकच मेगाहर्ट्झ.

जुना पाल (अॅनालॉग) टीव्ही त्यात बसतच नाही. चित्र आणि आवाजाच्या कॅरियरमध्येच (वाहक लहरींमध्येच) 5.5 मेगाहर्ट्झचे अंतर असते. डीव्हीबी-एस2 हे डिजिटल टीव्हीचे मानक, सेकंदाला 333 किलोसिम्बॉल आणि रोल-ऑफ (कडांसाठी लागणारी जादा रुंदी) 0.35 धरला की 450 किलोहर्ट्झ लागतात: 434.275 ते 434.725. क्यूपीएसके मॉड्युलेशन आणि एफईसी (चूक-दुरुस्तीचे प्रमाण) 2/3 वर सेकंदाला सुमारे 440 किलोबिट मिळतात, एच.265 या व्हिडिओ कॉम्प्रेशनला पुरेसे.

खरी मेहनत अँप्लिफायर आणि फिल्टरवर. 60 वॉटचे मोड्यूल 10 ते 12 वॉटवरच थांबवा. ड्राइव्ह (आत दिलेला सिग्नल) वाढवला तरी समोरच्याचे चित्र छानच दिसते, म्हणून चूक कळत नाही. पण स्पेक्ट्रमवर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना नको असलेली गळती खांद्यांसारखी उभी राहते. तिसऱ्या ऑर्डरच्या विकृतीचा उजवा खांदा 435.175 पर्यंत पोचतो, म्हणजे थेट उपग्रहांच्या हद्दीत. खांदे निदान 30 डीबी खाली हवेत. दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) 869 वर पडतो, तिथूनच 850 बँडच्या मोबाईल टॉवरांचे प्रक्षेपण सुरू होते. तिसरा 1303.5 वर, 1300 ला संपणाऱ्या आपल्या वरच्या हौशी बँडच्या बाहेर. सात घटकांचा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा), कटऑफ 500 च्या आसपास, अँप्लिफायरच्या पुढे अँटेनाच्या बाजूला लावा. प्लूटोनंतर (सिग्नल तयार करणाऱ्या एसडीआर रेडिओनंतर) लगेच लावून भागत नाही, कारण अँप्लिफायर स्वतः हार्मोनिक तयार करतो.

पुणेकरांनी आणखी एक जपायचे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण 250 ते 500 मेगाहर्ट्झमध्येही ऐकते, आपली वारंवारता बरोबर त्यातच येते. यागी (एका दिशेला रोखणारा अँटेना) नारायणगावच्या दिशेने, उत्तरेला रोखू नका. सिंहगड नैऋत्येला आहे, तिकडची लिंक निर्धास्त जोडा.

रिसीव्हरवर चित्र मधूनच थिजत असेल तर 433.92 वरचे गेट-गाड्यांचे रिमोट तपासा. ते इतके जवळ आहेत की साधा फिल्टर त्यांना अडवत नाही. प्रीअँपचा (रिसीव्हरआधीच्या अँप्लिफायरचा) गेन कमी करा, अँटेना जरा फिरवा.

एन्कोडरमध्ये सर्व्हिस नेमच्या जागी कॉल साइन (स्टेशनची ओळख) भरली आहे, स्क्रँबलिंग (सिग्नल सांकेतिक करणे) बंद. दोन्ही गोष्टी आयटीयूच्या रेडिओ रेग्युलेशन्सच्या 25व्या कलमातून येतात.