खंडूच्या पेटीतला काथ्या गेला

९ जानेवारी. वजन ४१२ ग्रॅम. खंडू म्हणजे दीड वर्षाचं सुलकाटा, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं. (तारा-कासवाचा विचारही नको. ते आपलं देशी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवायला बंदी आहे.)

सकाळी शेपटीखाली तपकिरी धागा लोंबताना दिसला. आई म्हणाली, "ओढून टाक की रे." मी हात लावू दिला नाही. धागा आत कुठे गुंतलाय ते बाहेरून कळत नाही. ताण बसला की आतड्याला चुण्या पडतात आणि धागा आतडं चिरतो. डॉक्टरांनी लोंबतं टोक कापलं, बाकीचा धागा आतच राहू दिला. साध्या एक्स-रेत खडे, वाळू दिसतात, काथ्या दिसत नाही. म्हणून एक्स-रेत दिसणारं बेरियम पाजून पुन्हा फोटो काढला. वाट मोकळी होती.

धागा आला कुठून? पेटीत अंथरलेल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, विटेतून. जास्वंदीची पानं मी धुऊन ओलीच पेटीत टाकायचो, तंतू त्यांना चिकटायचे आणि पानाबरोबर पोटात जायचे.

१० ते १३ जानेवारी. रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात, हनुवटी पाण्याबाहेर राहील इतक्याच खोलीत. दिव्याखालची जागा ३६ अंशांवर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा तळमजला रात्री फार गारठतो, आणि अंग गार पडलं की कासवाची आतडी मंदावतात. मला वाटतं उष्णतेनेच सर्वांत जास्त काम केलं. तेल मात्र पाजू नका, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. खाणं बंद, कुंथणं किंवा मागचे पाय ओढत चालणं दिसलं तर घरी थांबू नका.

१४ जानेवारी. विष्ठेत तीन तंतू. हरळी स्वतःहून खाल्ली!

१६ जानेवारी. नवी पेटी. खत-औषध न पडलेली माती दोन भाग, कोकोपीट एक भाग. कोकोपीट गव्हाच्या चाळणीतून काढलं, उरलेले तंतू हाताने वेचले. थर चार इंच, खालून ओलसर, कारण कोरड्या हवेत पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात. नुसती वाळू नको, ती पोटात साठते. देवदाराचा भुसाही नको, त्याचा उग्र वास त्यांना बाधतो. खाणं आता शहाबादी फरशीच्या तुकड्यावर, पानं निथळून.

१७ जानेवारी. वजन ४१९. अंगणात अजून सोडलेला नाही. वासी उत्तरायण, म्हणजे इथला संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस, होऊन दोन दिवस झाले, तरी तुळशीच्या कट्ट्यामागे मांज्याचे तुकडे निघताहेत. आज मूठभर निघाले. उद्या पुन्हा झाडणार.